चहा सोडल्याची साक्ष

माझा स्वभाव तापट आहे, ही गोष्ट निवृत्त होईपर्यंत माझ्यापासून लपून राहिली होती. पाटबंधारे खात्यात मी आरेखक होतो. उभं आयुष्य कालव्यांचे नकाशे काढण्यात गेलं. नकाशाच्या टेबलावर माणूस वाकलेला असला की त्याचं तोंड कुणाला दिसत नाही, त्यामुळे तो कामात गढलाय की कुणावर धुमसतोय, हे साहेबालाही कळत नाही. घरी बसायला लागलो आणि ते तोंड दिवसभर बायकोसमोर आलं. तिनं महिन्याभरातच निदान केलं. "तुम्हाला वेळेवर चहा मिळाला नाही की तुम्ही माणसात नसता," ती म्हणाली.

चहा मी दिवसाला आठ-नऊ कप घेत असे. उठल्यावर एक, सकाळच्या प्रार्थनेनंतर एक, पेपर वाचताना एक, आणि पेपरानं आलेला राग शांत करायला आणखी एक. पुढचे कशासाठी घेत होतो, ते आता आठवत नाही. दारूला मी कधी हात लावला नाही. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. त्यामुळे देहाच्या वासनांवर प्रवचन सुरू झालं की मी चर्चमध्ये अगदी निर्धास्त बसत असे, आणि ते कुणाला लागू पडतंय हे पाहायला हळूच मान वळवत असे.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा समुदाय, शहरातल्या छावणी भागातली. जुनी आणि लहान. सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे सगळे एकमेकांवर लक्ष ठेवून असतात. ईस्टरच्या आधी उपवासाचे चाळीस दिवस येतात. आम्ही त्यांना लेंट म्हणतो. ते राखेच्या बुधवारी सुरू होतात, आणि त्याच्या आदल्या रविवारी आमच्याकडे एक रीत आहे. ज्याला जे सोडायचं असेल ते त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. तिला आम्ही साक्ष म्हणतो. त्या वर्षी एका भाऊंनी मटण सोडलं. डॉक्टरांनी त्यांना ते दिवाळीपासूनच सोडायला लावलं होतं, पण टाळ्या पडल्या. एका ताईंनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या, आणि खाली बसता बसता एक मालिका वगळली.

मी मंडळीचा पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक. पंचानं काहीतरी भारी सोडायला हवं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी चहा सोडतो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आमचे धर्मगुरू पाळक साहेब, त्यांनी चष्मा काढून पुसला. शेजारी बसलेली बायको खालच्या आवाजात म्हणाली, "परमेश्वरा, मला सांभाळ." ती त्या दिवसाची सगळ्यात मनापासून झालेली प्रार्थना असावी.

घरी येऊन मी एक तक्ता आखला. जुने पेन काढले, पट्टी काढली, आणि जाड कागदावर चाळीस चौकोन काढले. रविवार त्यात धरले नाहीत, कारण रविवार हा प्रभूचा दिवस, तो उपवासात मोजत नाहीत. ही सोय कुणी केली मला माहीत नाही, पण ज्यानं केली तो चहा पिणारा असणार. तक्ता मी फ्रिजवर लावला, म्हणजे घरी येणाऱ्याजाणाऱ्याला आपोआप दिसावा. कुणाला तो दिसला नाही तर मी त्याला पाणी आणायला आत पाठवत असे.

पहिला आठवडा डोकेदुखीत गेला. दुसऱ्या आठवड्यात मी दूधवाल्याशी भांडलो, शेजाऱ्याच्या गाडीवरून भांडलो आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून तीन पानी पत्र लिहिलं. बायको मुलीकडे पुण्याला जायचं कधीपासून म्हणत होती, ती याच आठवड्यात निघाली. जाताना म्हणाली, "चहा सोडलात तसं थोडं बोलणंही सोडा." रविवारी मात्र मी सकाळपासून सहा कप प्यायचो. आठवडाभराचं राहिलेलं भरून काढायचो म्हणा ना.

औरंगपुऱ्यात एका चहाच्या टपरीवर मी नोकरीत असल्यापासून जात आलोय. त्या सुमारास रमजानही चालू होता. टपरीवाला दिवसभर रोजा धरून लोकांना चहा पाजत होता. त्यानं सवयीनं माझ्यापुढं कप सरकवला.

"नको, मी चहा सोडलाय," मी म्हणालो.

"क्या हुआ साहब, शुगर निकली क्या?"

मग मी त्याला लेंट म्हणजे काय, देह म्हणजे काय, आत्मा म्हणजे काय, हे सगळं समजावून सांगितलं. त्याचे ओठ वाळले होते. उकळत्या पातेल्याची वाफ तोंडावर घेत त्यानं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अच्छा है साहब. अल्लाह कबूल करे." मी समाधानानं घरी आलो आणि पुढचा चौकोन रंगवला.

लेंटमधल्या दर शुक्रवारी आमच्याकडे संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. घरं पाळीनं ठरतात. पूर्वी या प्रार्थनांनंतर नाश्ता असायचा. पोह्यांवरून सुरुवात झाली, मग कुणी समोसे केले, पुढच्यांनी त्यावर गुलाबजाम ठेवले, आणि उपवासाच्या दिवसांत मंडळीचं वजन वाढायला लागलं. शेवटी पंचांच्या बैठकीत ठराव झाला की प्रार्थनेनंतर फक्त चहा द्यायचा. म्हणजे कुणावर ओझं नको आणि गरिबाच्या घरीही पाळी जावी. तो ठराव मीच मांडला होता.

तिसऱ्या शुक्रवारची पाळी मावशींची होती. त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान आहेत, पण एका खासगी दवाखान्यात आया आहेत, आणि दवाखान्यातल्या आयाला सगळे मावशीच म्हणतात, त्यामुळे त्या मंडळीच्याही मावशी झाल्या. गाव फुलंब्रीच्या पलीकडचं. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन गेली. छावणीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. रात्रपाळी संपवून थेट चर्चमध्ये येतात आणि शेवटच्या बाकावर बसतात. साक्षीच्या रविवारी त्यांची दिवसाची ड्युटी होती, म्हणून त्या आल्या नव्हत्या. ही गोष्ट मला फार उशिरा आठवली.

त्या शुक्रवारी पाळक साहेब बाहेरगावी गेले होते. संदेश देण्याचं काम माझ्याकडे आलं. मावशींच्या बाहेरच्या खोलीत आम्ही बाराजण दाटीवाटीनं बसलो. मला एकुलती एक खुर्ची मिळाली. विषय मीच निवडला होता. देहाच्या मर्जीनं जगावं की आत्म्याच्या मर्जीनं. पाऊण तास बोललो. इंद्रियदमन या शब्दावर तर मी इतका वेळ थांबलो की समोरच्या एका ताईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

आमेन झालं आणि मावशी आतून ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये बारा कप. पांढरे, सोनेरी काठाचे, सगळे सारखे. दूध भरपूर घातलेला, वेलदोड्याचा चहा. त्याचा वास खोलीभर सुटला आणि माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. खुर्चीवर मी, म्हणून ट्रे आधी माझ्यासमोर आला.

मी हात जोडले. "मला नको, मावशी."

"थोडा तरी घ्या भाऊ."

"नको," मी म्हणालो, आणि डोळे मिटून मान हलवली. कारण सांगितलं नाही. माझा नवस सगळ्या शहराला माहीत आहे, अशीच माझी समजूत झाली होती. शिवाय आपला त्याग आपण मुद्दाम बोलून दाखवू नये, एवढी नम्रता त्या क्षणी मला सुचली. चाळीस दिवसांत तेवढ्या एकदाच सुचली.

ट्रे पुढं गेला. माझ्या शेजारचे भाऊ मटण सोडलेले. चहाचं त्यांना काहीच बंधन नव्हतं. पण पंच हात जोडून बसलेले असताना आपण कसा घ्यायचा? त्यांनीही हात जोडले. मग मालिकावाल्या ताईंनी जोडले. एकामागून एक अकराजणांनी नको म्हटलं. काहींनी तर माझ्यासारखे डोळेही मिटले. मावशी तो भरलेला ट्रे घेऊन खोलीभर फिरल्या आणि तसाच आत घेऊन गेल्या. मला वाटलं, काय आध्यात्मिक वातावरण झालंय! घरी जाताना मी हेच बोलत होतो.

त्या रविवारी मावशी चर्चमध्ये दिसल्या नाहीत. ड्युटी असेल. पुढच्या शुक्रवारी प्रार्थनेलाही आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही शेवटचा बाक रिकामा होता. मी हजेरीच्या वहीत तशी नोंद केली आणि विश्वासात ढिले पडलेल्यांसाठी प्रार्थनाही केली.

बायको पुण्याहून आली आणि दोनच दिवसांत, मला दहा दिवसांत न कळलेलं सगळं तिला कळलं. चर्चमधून घरी आल्यावर तिनं मला खुर्चीवर बसवलं. ती उभीच राहिली. "मावशींच्या घरचा चहा तुम्ही कुणी घेतला नाही?"

"माझा नवस आहे. साऱ्या जगाला ठाऊक आहे."

"त्यांना ठाऊक नव्हता."

"मग विचारायचं."

"अहो, ते कप त्यांचे नव्हते," बायको म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीकडून आणले होते. बारा कप धुऊन परत द्यायला गेल्या, तर ती म्हणाली, एवढ्या लवकर? मावशींनी सांगितलं, कुणी घेतलाच नाही. तर ती काय म्हणाली माहितीय? म्हणाली, 'तुमचे लोक पण तुमच्या घरचा चा घेत नाय व्हय?'"

घरमालकीण फुलंब्रीकडची, शेतीवाडी असलेल्या घरातली. तिनं मनात काही न ठेवता विचारलं असणार. तिनं तर आपले चांगले कप काढून दिले होते. पण मावशींनी तो प्रश्न कसा ऐकला असेल, ते सांगायला मला बायकोची गरज नव्हती. मावशींचं घर गावात कुठल्या बाजूला होतं, हे मला माहीत होतं. आमचंही त्याच बाजूला होतं.

तरी मी भडकलो. चूक कळली की मी आधी भडकतो, मग बाकीचं. माझा नवस, माझा त्याग, आणि वर हे ऐकून घ्यायचं! बायको स्वयंपाकघरात निघून गेली. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. अर्ध्या तासात मला तोडगा सापडला, आणि तो इतका सोपा होता की माझं मलाच कौतुक वाटलं. आज रविवार. आज चहा चालतो. आज दुपारीच मावशींकडे जायचं आणि त्यांच्या घरचा चहा पिऊन यायचं. त्यांचाही मान राहील, माझ्या तक्त्यातला चौकोनही कोरा राहणार नाही.

गेलो. मावशी नुकत्या झोपून उठल्या होत्या. मी म्हणालो, "चहा प्यायला आलोय." त्यांनी चहा ठेवला. मी दोन कप प्यायलो, तोंड भरून कौतुक केलं, माझ्या नवसाची हकीकत सांगितली, गैरसमज झाला म्हणालो. त्या "व्हय", "बरं" एवढंच म्हणत होत्या. घरी येऊन बायकोला सांगितलं, प्रश्न मिटला.

त्यानंतरही मावशी आल्या नाहीत. एक रविवार तसाच गेला. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सगळी मंडळी हातात झावळ्या घेऊन छावणीतून गात गेली. दर वर्षी मावशी त्यात असतात. त्या दिसल्या नाहीत. तेव्हा मी बायकोला म्हणालो की मी स्वतः जाऊन चहा पिऊन आलो, आता आणखी काय करायचं?

"मला त्या बाजारात भेटल्या होत्या," ती म्हणाली. "त्यांनी एकच विचारलं. म्हणाल्या, वहिनी, ऐतवारी भाऊंचा उपास नसतो ना?"

"मग?"

"मग काय? मी खोटं कसं बोलू? नसतो म्हटलं." ती झावळी गुंडाळून ठेवत होती. "त्या म्हणाल्या, 'तरीच. सुट्टीच्या दिवशी आले व्हते.'"

एवढी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. मी त्यांच्याकडे माझं काहीही न गमावता गेलो होतो, आणि त्यांना ते कळलं होतं. फ्रिजसमोर उभा राहून मी तक्त्याकडे पाहिलं. चौकोन सुरेख रंगवले होते. एकही रेघ बाहेर गेलेली नव्हती. देहाला मारायला निघालेल्या माणसानं देहाचे एवढे लाड केलेले मी दुसरीकडे कुठं पाहिले नाहीत. चहाची हौस गेली होती, हे खरं. तिच्या जागी माझ्या चांगुलपणाची हौस येऊन बसली होती, आणि ती दिवसाला नऊ कपांवर भागत नव्हती. आणि मावशी? सोळा वर्षं रात्रभर जागून, तारवटलेल्या डोळ्यांनी त्या जिथं येऊन बसायच्या ती जागा मी त्यांच्याकडून काढून घेतली होती. आता त्या परत आल्या नाहीत तर माझ्यामुळे आल्या नाहीत, हे मला मरेपर्यंत माहीत राहणार होतं.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मी पुन्हा गेलो. छत्तीस चौकोन रंगवून झाले होते. दुपारचे चार वाजले होते. मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आज कामून आले, भाऊ? आज तर बुधवार."

"चहा हवाय," मी म्हणालो.

"उपास हाय ना तुमचा?"

"आहे. मोडायचाय."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "नगं. माझ्या घरी नगं. लोकं म्हणतील मावशीनं भाऊंचा उपास मोडला. दोन-चार दिस तर ऱ्हायले. ईस्टर झाल्यावर या."

मी विनवलं, त्या ऐकेनात. ज्या घरात मी चहा नाकारला होता, त्याच घरात मी चहासाठी हात पसरून बसलो होतो आणि मला तो मिळत नव्हता. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी हसलो असतो. खुर्ची आत होती. मी उंबऱ्याशीच फरशीवर बसलो. गुडघे फार दुखले.

मग मी त्यांना माझ्या आजोबांचं सांगितलं. मी हे मंडळीत कधी बोललेलो नाही. नोकरी लागल्यापासून तर घरीही नाही. आजोबांच्या गावात एक हॉटेल होतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीला खिळ्याला एक कान तुटलेला कप अडकवलेला असे. आजोबांनी तो आपल्या हातानं काढायचा, आपल्या हातानं विसळायचा, आणि चहा वरून ओतला जायचा. एकदा एक प्रचारक गावात आला. गावाबाहेरच्या वस्तीत येऊन तो आजोबांच्या घरात बसला आणि म्हणाला, चहा ठेवा. आजीनं घाबरत चहा केला. तो प्यायला आणि त्यानं आणखी मागितला. आजोबा सांगायचे की प्रवचन त्यांनी पुढच्या आठवड्यात ऐकलं, पण ख्रिस्ती ते त्या दुसऱ्या कपालाच झाले होते. "आणि मी त्यांचा नातू," मी मावशींना म्हणालो.

मावशींनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"कपाचं मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात बी व्हता. पण भाऊ, एक इचारू? राग नका मानू. सोळा वर्सं झाली मला मंडळीत येऊन. तुमच्या घरी मला कधी चा इचारला का?"

मी आठवायला लागलो. आमच्या घरी प्रार्थना व्हायच्या. मावशी यायच्या, दाराजवळ बसायच्या आणि आमेन झालं की ड्युटीला जायचंय म्हणून उठायच्या. चहा नंतर यायचा. थांबा, घेऊन जा, असं कुणी म्हटल्याचं मला आठवलं नाही. मी तर नक्कीच म्हटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

मला वाटलं, त्या आता काहीतरी बोलतील. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या आणि आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं एक कप आला. या खेपेला सोनेरी काठाचा नाही, त्यांचा रोजचा, स्टीलचा. चहा इतका गोड होता की दुसऱ्या कुठं मी तो फेकून दिला असता. मला रडू आलं, आणि चहाही फार आवडला. दोन्ही एकदम झालं. त्यात देह किती होता आणि आत्मा किती होता, हे मला त्या वेळी वेगळं काढता आलं नाही. मी दुसरा कप मागितला.

निघताना मी म्हणालो, "ईस्टरला चर्चनंतर आमच्या घरी या. चहाला."

"बघते," त्या म्हणाल्या. "ड्युटी कशी लागती ते बघते."

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं होतं. मी दर मिनिटाला मागं वळून पाहत होतो. पहिलं गीत संपता संपता मावशी आल्या, दवाखान्याच्या साडीवरच, आणि शेवटच्या बाकावर बसल्या. मी पुढं तोंड केलं आणि डोळे पुसले. बायकोनं पाहिलं.

प्रवचनानंतर पाळक साहेब म्हणाले, ज्यांनी चाळीस दिवस आपला नवस पाळला त्यांनी उभं राहून देवाचे आभार मानावेत. भराभर लोक उभे राहिले. मटणवाले भाऊ उभे राहिले. मालिकावाल्या ताईही उभ्या राहिल्या. मी बसून राहिलो. मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावून म्हणालं, "भाऊ, उठा की." पाळक साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि चष्मा काढला.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. आजोबांचा कप, उंबरा, बुधवार. काय साक्ष झाली असती! अख्खं चर्च रडलं असतं. पण मी ती दिली असती तर सगळ्यांच्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या असत्या. मी बाकाची कड धरून बसलो आणि तोंड उघडलं नाही. चहा सोडणं त्यापुढं पोरखेळ होता. बाहेर आल्यावर मटणवाल्या भाऊंनी मला बाजूला घेतलं आणि मोहावर विजय कसा मिळवावा यावर चार गोष्टी सांगितल्या. मी मान डोलावून ऐकल्या.

घरी आम्ही तिघं चालत आलो. बायको आणि मावशी पुढं बोलत चालल्या होत्या. मी मागून येत होतो आणि मनातल्या मनात माझ्याच गप्प राहण्यावर भाळलो होतो. किती संयम! कुणालाही कळू न देता! बायबलातला एखादा माणूस असाच वागला असता, असंही वाटून गेलं.

मावशींना बाहेरच्या खोलीतल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं. बायकोला मी उठू दिलं नाही. आज चहा मीच करणार, म्हणालो. आलं किसलं, दूध घातलं आणि आतून विचारलं, "मावशी, साखर किती घालू?"

"मला नका टाकू भाऊ. मी चा पीत नाय."

मी तसाच बाहेर आलो. "आमच्याकडचा नको?"

"तुमच्याकडचा नाय, कुणाकडचाच नाय." त्या जरा ओशाळल्या. "पोरगी लहान व्हती तव्हा सोडला. पावशेर दूध यायचं. चा केला की तिला पुरायचं नाय. मंग सोडला, तो सोडलाच. आल्यागेल्याला करते. मला नाय लागत."

"किती वर्षं झाली त्याला?" बायकोनं विचारलं.

मावशींनी हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "आता तिचंच लेकरू साळंत जातंय."

मी तिथं उभा होतो. माझ्या हातात चमचा होता. "हे तुम्ही मंडळीत कधी सांगितलं नाही," मी म्हणालो. माझा सूर तक्रारीचा होता, असं बायको अजून सांगते.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतोय ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. "त्यात सांगायसारखं काय हाय, भाऊ?" त्या म्हणाल्या. "पाणी द्या जरा. लई ऊन व्हतं."

मी आत गेलो, गॅस बंद केला आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आलो.